कुशाबा बुवांचा चढता सूर

उरवड्याच्या कारखान्यात एकनाथच्या कानाला मोठा मान होता. तो मेंटेनन्स खात्यातला फिटर. मशीन अडलं की बाकीचे आधी पान्हे शोधायचे. हा आधी मशीनच्या अंगावर हात ठेवून, डोळे मिटून उभा राहायचा. मग म्हणायचा, “मागचं बेअरिंग गेलंय.” उघडून बघावं तर मागचंच बेअरिंग गेलेलं. एकदा मोठे साहेब मुद्दाम परीक्षा घ्यायला आले, चालू मशीनसमोर त्याला उभं केलं आणि थोड्या वेळानं गपचूप केबिनमध्ये परत गेले.

एवढा तयार कान असलेला हा गडी गाणं मात्र म्हणायचा नाही. आरतीलासुद्धा नुसते ओठ हलवायचा. वरात असो, गणपती असो, चार माणसं सुरात आली की हा चपला शोधायला लागायचा. याचं कारण त्याच्या वाडीत कुणालाही विचारा. कासार आंबोलीच्या वरच्या अंगाला चाळीस-पन्नास उंबऱ्यांची ती वाडी, तिथं झाकून काय राहणार? कुशाबा बुवांच्या पोटी जन्मून एकनाथला बापाचा सूर लागला नाही, हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं.

कुशाबा बुवा म्हणजे वाडीच्या भजनी मंडळाचा प्राण. शेतीच्या कामातून उठून पेटीवर बसायचे, स्वतः बांधलेली पदं स्वतःच्या चालीत म्हणायचे. चौऱ्याऐंशी साली, चैत्रात, मारुतीच्या देवळात त्यांनी एका संध्याकाळी सात पदं म्हटली. नथू नावाचा ट्रकवर जाणारा गडी मुंबईहून टेपरेकॉर्डर घेऊन आला होता, त्यानं ती भरून घेतली. आठव्या दिवशी बांधावर बसल्या बसल्या बुवा छातीला हात लावून कलंडले ते उठलेच नाहीत. मागं राहिली ती एकच कॅसेट.

तेराव्याला ती कॅसेट पहिल्यांदा लावली आणि अख्खी वाडी थक्क झाली. बुवांनी पहिलं पद पेटीच्या काळी एकात म्हटलं होतं, त्यांची नेहमीची पट्टी. पण पुढचं पद थोडं वर, त्याच्या पुढचं आणखी वर, आणि सातवं पद थेट पांढरी चारात! म्हणजे एका बैठकीत चार पायऱ्या चढून गेला माणूस. आवाज बारीक, टोकदार, वेगानं धावणारा. बुवा असे कधी गायले नव्हते. मग कुणीतरी म्हणालं, “जायचा दिस जवळ आला व्हता, देवानंच वर वढलं.” झालं. जे त्या दिवशी देवळात मांडीला मांडी लावून बसले होते, त्यांनाही आठवायला लागलं की होय, बुवा चढत होते खरे, आपल्या अंगावर काटा आला होता. माणसाचा स्वतःच्या कानावर किती कमी विश्वास असतो बघा. डबीतून आवाज आला की आपलं ऐकलेलं खोटं!

तेव्हापासून चढता सूर ही मंडळाची रीत झाली. काळी एकात सुरू करायचं आणि पांढरी चारात संपवायचं, घशाचं काही का होईना. भजनस्पर्धेत परीक्षक कौतुक करायचे, पंचक्रोशीत नाव झालं, आणि या रीतीचा पहिला बळी होता एकनाथ.

बुवांच्या वर्षश्राद्धाला त्याला पेटीवर बसवलं. एकवीस वर्षांचा पोर. बाप गायला त्या संध्याकाळी तो आयटीआयच्या परीक्षेसाठी पुण्यात होता, ती सल उरात होतीच. पहिलं पद त्यानं असं म्हटलं की मागं बसलेल्या बायका डोळे पुसायला लागल्या. दुसरंही निभावलं. तिसऱ्याला गळ्याच्या शिरा फुगल्या, चौथ्याला आवाज चिरकला, पाचव्याला फाटला. भर देवळात, दोनशे माणसांसमोर. कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात बुवांचा पखवाजवाला शिष्य वाल्मीक पुढं सरसावला, त्यानं पद उचललं आणि जीव खाऊन पांढरी चारापर्यंत नेलं. टाळ्या पडल्या. बापाची गादी त्या संध्याकाळी वाल्मीककडं गेली आणि पुढच्या महिन्यात एकनाथ कारखान्यात लागला. बाविसाव्या वर्षी माणूस जे सोडतो ते सहसा परत धरत नाही.

दोन हजार सहा साल आलं. जमिनीला भाव आलेले, देवळाचा जीर्णोद्धार झालेला, कळस बसायचा होता. सप्त्यात बुवांची सीडी वाटायची असं मंडळानं ठरवलं. वाल्मीक लाल फडक्यात बांधलेली कॅसेट घेऊन एकनाथच्या दारात आला. वय पन्नाशीचं, पण आवाजाची पार चाळण झालेली. घशात गाठी आल्या होत्या आणि डॉक्टरनं गाणं सोडाच, बोलणंही जपून करायला सांगितलं होतं. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “तुज्याकडं कॉम्प्युटर हाय. पुन्याला दिली आन हरवली तर? दोन डाव ताणल्याली हाय रीळ. आता हिचं कायमचं करून टाक.”

वाल्मीकबद्दल एकनाथच्या मनात राग नव्हता असं कसं म्हणू? होता. पण बाप त्याचा होता, त्यामुळं तो नाही म्हणू शकला नाही.

कॉम्प्युटर त्याच्याकडं आला होता तो भाडेकरूमुळं. घरावर दोन खोल्या चढवल्या होत्या, त्यातल्या एकीत दयानंद नावाचा लातूरकडचा इंजिनिअर राहायचा. हिंजवडीला कामाला. त्यानं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना कॉम्प्युटर काकांना देऊन टाकला. एकनाथनं त्यावर विणलेला रुमाल टाकून ठेवला होता. आता रुमाल निघाला.

“काका, सोपं आहे,” दयानंद म्हणाला. “टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढायची, कॉम्प्युटरच्या मागं निळं भोक आहे त्यात घालायची. टेप वाजेल, हा ऐकेल आणि लिहून घेईल.”

एकनाथनं पुण्याच्या तापकीर गल्लीतून दोन्हीकडं सारखी पिन असलेली वायर आणली. शेजारच्यांकडून चांगला डेक मागून आणला, स्पिरिटचा कापूस फिरवून त्याचं हेड लख्ख केलं, रबराचा पट्टाही बदलला. औद्योगिक भागाला गुरुवारची सुट्टी, म्हणून गुरुवार धरला. पहिल्या गुरुवारी पदं भरत आली असताना दयानंदचा मोबाईल शेजारीच वाजला आणि त्याच्या लहरींनी बुवांच्या आवाजावर टर्र टर्र टर्र उमटलं. पुन्हा पहिल्यापासून. आवाज जास्त घेतला होता म्हणून सगळं फाटलं. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा लाईट गेली. धरणाच्या तालुक्यात लाईट जाण्याचं आपल्याला नवल नाही, पण त्या दिवशी एकनाथनं वीज मंडळाच्या सात पिढ्या काढल्या.

दुसऱ्या गुरुवारी सकाळी नीट जमलं. पडद्यावर निळ्या रंगाची लांबलचक केसाळ पट्टी आली. दयानंद बॅग खांद्याला लावून निघायच्या घाईत होता. “हे बघा, तुमचे वडील. इथं कुठंही क्लिक करा, तिथून वाजतं. पुढं-मागं करत बसायला नको. आणि हे बटण वेग कमी-जास्त करायचं, त्याची तुम्हाला गरज नाही.”

तो गेला. एकनाथनं कानाला हेडफोन लावला आणि अगदी सुरुवातीला क्लिक केलं. पेटी वाजली, बापानं ‘सा’ धरला. त्याखाली बारीक करकर ऐकू आली आणि एकनाथला हसू फुटलं. ती करकर तो ओळखत होता. मंडळाच्या पेटीतली काळी एकची पट्टी सैल झाली होती, ती दाबली की करकरायची. लहानपणी त्यानंच तिच्याखाली कागदाचा कपटा सारला होता, तरी करकरायचीच. बुवा गेल्यावर पुढं कधीतरी ती पेटी दुरुस्त करून आणली.

मग सहज, शेवट नीट उतरलाय का बघायला, त्यानं पडद्यावरच्या निळ्या पट्टीच्या शेवटाला क्लिक केलं.

सातवं पद. पांढरी चार. बाप ‘सा’वर आला आणि खाली पेटी करकरली.

एकनाथनं हेडफोन काढला, पिन फुंकली, पुन्हा लावला. करकर तिथंच. त्यानं सुरुवात ऐकली, शेवट ऐकला, पुन्हा सुरुवात, पुन्हा शेवट. बावीस वर्षांत हे कुणी केलं नव्हतं, कारण कॅसेटमध्ये पहिल्या पदावरून सातव्यावर जायला रीळ पळवावी लागायची, आणि तोवर पहिला सूर कानातून निघून जायचा. इथं एका टिचकीत दोन्ही सूर शेजारी शेजारी आले. बुवांनी पट्टी बदलली असती तर ‘सा’ला पेटीची दुसरी पट्टी दाबली गेली असती. मग काळी एकची करकर पांढरी चारात कशी? पेटीची पट्टी काय बिऱ्हाड बदलून दुसऱ्या घरात राहायला जाते?

मघाशी दयानंदनं दाखवलेलं बटण त्यानं धरलं आणि सातव्या पदाचा वेग थोडा थोडा उतरवत नेला. पहिल्या पदातला ‘सा’ आणि सातव्यातला ‘सा’ एक होईपर्यंत. कारखान्यात वीस वर्षं मोटारींचं हेच ऐकत आला होता तो. विजेचा दाब कमी झाला की मोटार मंद होते. भरताना टेप मंद फिरली, तर नीट वेगानं वाजवताना आवाज वर जाणार आणि पळणार. शेवटाकडं जास्त मंद, म्हणून शेवटाकडं जास्त वर. कुणी चढलं नव्हतं. टेपचे सेल उतरत गेले होते!

वेग जागेवर आला आणि कानात बाप गायला लागला. तो टोकदार, धावणारा बुवा नव्हे. रुंद, शांत, जागोजाग श्वास घेणारा, शब्दाच्या शेवटी किंचित खाली बसणारा आवाज. एकनाथला तो आवाज माहीत होता आणि कुठून माहीत होता हे कळत नव्हतं, इतका तो सुन्न झाला होता. मग कळलं. तो आवाज त्याच्या स्वतःच्या गळ्यात होता. एकवीस वर्षांचा असताना देवळात पहिलं पद म्हणताना होता तोच.

तो तसाच उठला आणि नथूकडं निघाला. चपला उलट्यासुलट्या पायात घातल्या होत्या हे रस्त्यात कळलं.

नथूतात्या आता सत्तरीला आलेला. स्वतःचं खाचर विकून झालं होतं, त्यावर पुण्याच्या कुणा डॉक्टरांचा शनिवार-रविवारचा बंगला उभा होता, आणि त्याच्याच फाटकावर हा राखणदार म्हणून खुर्ची टाकून बसायचा. एकनाथनं रामराम न करताच विचारलं, “तात्या, आबांची कॅसेट भरली तवा टेप लाइटीवर व्हता का सेलवर?”

“लाईट कुटली? वादळानं खांब आडवा पडल्याला. सेलवरच भरली.”

“नवं व्हतं सेल?”

नथूतात्यानं तंबाखूची चिमूट तोंडाकडं नेता नेता थांबवली. “का रं?”

“नवं व्हतं का?”

“बुवांनी सकाळी मला पौडला धाडलं व्हतं, नवं सेल आन म्हनून,” म्हातारा जमिनीकडं बघत म्हणाला. “वाटंत कुस्त्या लागल्या व्हत्या, मी तितंच बसलो. पौडला गेलोच न्हाई. दुपारच्याला येऊन घरातलं जुनंच सेल पत्र्यावर उनात टाकलं. तापलं की वाइच चालत्यात. पन शेवटाला चाक असं फिराया लागलं.” त्यानं बोट हवेत हळूहळू फिरवून दाखवलं.

“म्हंजी तुमाला ठावं व्हतं.”

“तेराव्याला लावली तवाच कळलं मला. पन समदी मानसं रडत व्हती, देव आला म्हनत व्हती. तवा उठून सांगू व्हय, सेल उतरलं व्हतं म्हनून?”

“आन वर्षश्राद्धाला? माजा गळा फाटला तवा कुटं व्हता तुमी?”

“तितंच व्हतो. तिसऱ्या वळीत.” नथूतात्याचे डोळे भरून आले होते, पण एकनाथला ते बघवेनात. “सांगनारच व्हतो. तेवढ्यात वाल्मीकनं उचललं, समदे माना डोलवाया लागले. मंग ऱ्हायलं.”

ऱ्हायलं! भाजीत मीठ राहतं तसं राहिलं. एकनाथचा हात वर उठला होता. त्यानं तो फाटकाच्या गजावर आपटला आणि पाठ फिरवली. या नथूला काय म्हणावं? वाईट माणूस नव्हता तो. कुणाच्याही लग्नात राबणारा, मयताला पहिला धावणारा. एक खोटं त्याला बोलावंसुद्धा लागलं नाही, नुसतं गप्प बसावं लागलं, आणि एका पोराच्या गळ्याला एकवीस वर्षं कुलूप लागलं. मला तर तो चोरापेक्षा भयंकर वाटतो.

घरी न जाता एकनाथ दयानंदची वाट बघत रस्त्यावरच थांबला. संध्याकाळी तो आल्यावर त्याच्याकडून सातही पदं वेगानं सरळ करून घेतली, एका सीडीवर जुना आवाज, दुसरीवर नवा. शुक्रवारी पाळी संपल्यावर तो वाल्मीकच्या घरी गेला. मनात काय होतं? खरं सांगायचं तर सूड होता. गादीवर बसलेल्या माणसाला खाली ओढायचं होतं.

वाल्मीकनं दोन्ही सीड्या ऐकल्या. आधी त्याला राग आला, मग हसला, मग म्हणाला, “कॉम्प्युटरमदी कायबी करता येतंय आजकाल.” एकनाथनं करकर ऐकवली. सेलचं सांगितलं. वाल्मीक मान हलवत राहिला. आणि मग त्याचा हात आपोआप मांडीवर ठेका धरता धरता थांबला. तोंड उघडंच राहिलं.

“एकनाथ,” तो कसाबसा म्हणाला, “त्या दिशी पखवाज मीच वाजवला.”

“ठावं हाय मला.”

“आरं, पखवाज गानाऱ्याच्या सुराला लावावा लागतोय. सूर चढला की हातोडीनं ठोकून चढवावा लागतोय. आमी आता प्रत्येक पदाला थांबतो, ठोकतो.” त्यानं दोन्ही तळहात उघडून स्वतःच्याच हातांकडं बघितलं. “त्या दिशी मी एकदाच लावला. सुरवातीला. सात पदात हातोडीला हात लावला न्हाई मी!”

वाल्मीक भिंतीला टेकला. बावीस वर्षं हा माणूस दर पदाला पखवाजावर हातोडी मारून घेत होता, आणि त्या दिवशी आपण ती उचलली नव्हती हे त्याच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

“मंग मी इतकी वर्सं कुनावानी गात व्हतो रं?” त्यानं विचारलं. आवाज इतका घोगरा होता की शब्द नीट उमटले नाहीत. “बुवांवानी न्हाई. माज्यावानी बी न्हाई. ह्यो गळा मी कुनापाय घालवला?”

सूड घ्यायला आलेल्या एकनाथनं सीडी बंद केली. समोर बसलेल्या माणसानं त्याचं काही हिरावलं नव्हतं, उलट त्याच्या वाटेतला खड्डा स्वतःवर घेतला होता, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आपला गळा निदान शाबूत तरी होता. तो उठून वाल्मीकच्या शेजारी जाऊन बसला.

मग वाल्मीक म्हणाला, “गाव ऐकनार न्हाई. चढता सूर ही मंडळाची अब्रू हाय. रत्नाकाकीला ऐकव. बुवांच्या आवाजाचा हक्क कुनाचा असंल तर तिचा. ती म्हनंल ती सीडी वाटू.”

रत्नाबाई म्हणजे एकनाथची आई. सत्तरीच्या उंबरठ्यावर, पण कान खणखणीत. दर श्राद्धाला ती कॅसेट लागायची आणि ती पदर तोंडाला लावून शेवटपर्यंत ऐकायची. त्या संध्याकाळी ती देवळात नव्हती, व्यालेल्या गाईजवळ घरीच थांबली होती. त्यामुळं नवऱ्याचं शेवटचं गाणं तिला कॅसेटीतच मिळालं होतं. ते तिच्याकडून काढून कसं घ्यायचं? एकनाथनं शनिवार घालवला, रविवार घालवला, बुधवारपर्यंत आईची नजर चुकवत राहिला.

गुरुवारी सकाळी आई ओसरीवर तांदूळ पाखडत होती. बायको अंगणवाडीत गेलेली. एकनाथनं आतल्या खोलीत कॉम्प्युटर लावला. आईला हाक मारायचा धीर होईना, म्हणून स्वतःशीच म्हणाला, आपण एकदा मोठ्यानं ऐकू तरी. आजवर हेडफोनवरच ऐकलं होतं. त्यानं स्पीकर लावले आणि सरळ केलेलं पाचवं पद सुरू केलं. सहावं झालं. सातवं निम्म्यात आल्यावर त्याला राहवेना, त्यानं ते थांबवलं.

ओसरीवरून आईचा आवाज आला, “थांबलास का? म्हन की पुढं!”

एकनाथ माऊस धरून तसाच बसला. आई सूप हातात घेऊनच दारात आली. चेहरा उजळला होता, लाजऱ्या पोरीसारखी हसत होती ती.

“मी पाखडायचं बी थांबवलं व्हतं,” ती म्हणाली. “म्हनलं आवाज झाला तर लाजशील, गप बसशील. किती वर्सांनी रं, एकनाथ? गळा हाय तसाच हाय तुजा.”

“आई, ह्यो मी न्हाई.”

“मंग कोन?”

“आबा हायेत.”

“चल!” आई हसली. “ह्यांचा आवाज मला ठावं न्हाई व्हय? ह्यांचा कॅसेटीतला त्यो बारीक, वर गेल्याला. ह्यो तुजा हाय.”

एकनाथनं तिला खुर्चीवर बसवलं. सेलचं सांगितलं, मंद फिरणाऱ्या चाकाचं सांगितलं. आधी जुनं सातवं पद लावलं, मग सरळ केलेलं. सरळ केलेलं लावल्यावर आईचं हसू हळूहळू मावळलं. ती ऐकत राहिली. बुवांनी पदात मध्येच खाकरून घसा साफ केला, जुन्या कॅसेटीत तो नुसता टक् असा आवाज यायचा, आणि आई दचकून उभी राहिली. तिनं दाराकडं बघितलं. खरंच बघितलं, कुणी आत आल्यासारखं.

मग खाली बसली ती जमिनीवरच.

“मी इसरले,” ती म्हणाली. “ह्यांचा आवाज मी इसरले रं. बावीस वर्सं त्या डबीसमोर बसून रडतीया. कुनावर रडत व्हते मी?”

आपल्यावर अन्याय झाला, वाल्मीकवर झाला, इतकंच एकनाथनं धरलं होतं. आईच्या कानातून तिचा नवरा पुसला गेला होता आणि तिच्या घरात कुणाला पत्ता नव्हता, खुद्द तिलाही नव्हता. तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. “पुन्हा लावू का?” एवढंच त्यानं विचारलं.

“नको. बंद कर ती मशीन.”

“वाल्मीकदादा इचारत व्हता, कंची सीडी वाटायची.”

“हीच वाटा. गाव काय म्हनायचं ते म्हनू दे, मी बघीन.” आईनं पदरानं तोंड पुसलं आणि त्याच्याकडं रोखून बघितलं. “आदी तू म्हन.”

“मला येत न्हाई, आई. समद्या गावानं बघितलंय.”

“गावानं काय बघितलं त्ये गावाला ठावं. तू गोठ्यात धार काढताना म्हनायचास, आन मी चुलीपासनं ह्यांना हाक मारायची, भाकरी झाली, जेवाया या. हे शेतात असायचे. भायेर यायचास तू.”

एकनाथ तिच्या तोंडाकडं बघत राहिला. “ह्ये कवा सांगितलं न्हाईस मला.”

“कवा इचारलंस?”

एकनाथनं कॉम्प्युटर बंद केला. पंखा घरघरत थांबला आणि खोलीत इतकी शांतता झाली की त्याला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. त्यानं पहिलं पद धरलं. आईनं डोळे मिटले आणि गुडघ्यावर ठेका धरला. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीत दम पुरला नाही, सूर घसरला आणि तो थांबला. कान लाल झालेले, पुन्हा एकवीस वर्षांचा होऊन देवळात बसल्यासारखा.

आईनं डोळे उघडले नाहीत. गुडघ्यावर धरलेला ठेका तिनं थांबवला नव्हता, संथ, बुवांच्या चालीचा.

“व्हईल,” ती म्हणाली. “ह्ये बी तितंच थांबायचे दम घ्याया.”